"५० लाख एफडीत टाका आणि निवांत रहा" हे गणित २७ वर्षं टिकत नाही

आमच्या राजारामपुरीतल्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला. म्हणे रिटायर झाल्यावर ५० लाख ७ टक्क्यानं एफडीत ठेवा, महिन्याला २९ हजार येतील, मुद्दलाला हात लावायचा नाही, मेडिक्लेम बंद करा, म्युच्युअल फंडाच्या नादाला लागू नका, घर पोराच्या नावावर करून मोकळे व्हा. ग्रुपातले चारजण यंदा रिटायर होतायत म्हणून सविस्तर लिहितोय.

"२९ हजार आयुष्यभर पुरतील." आज पुरतील की, पण महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षात खर्च दुप्पट होतो, म्हणजे आजच्या २९ हजाराच्या संसाराला तेव्हा ५८ लागणार, आणि २४ वर्षांनी १ लाख १६ हजार, व्याज मात्र २९ च. आणि ते ७ टक्के तरी कुठं कायमचे लिहून दिलेत? माझे वडील १९९६ ला शिरोलीच्या फौंड्रीतून ५८ व्या वर्षी रिटायर झाले, अडीच लाख मिळाले, १२ टक्क्यानं ठेवले, महिन्याला अडीच हजार यायचे आणि तेव्हा त्यात घर चालायचं. २००४ ला रिन्यू करताना दर साडेपाच झाला होता. अडीच हजाराचे साडेअकराशे झाले आणि त्या आठ वर्षात बाजारात सगळंच महागलेलं.

"मुद्दल शाबूत राहतं." वडिलांचंही राहिलं हो. ते २००९ ला गेले तेव्हा पासबुकात अडीच लाख जसेच्या तसे होते. पण आई त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, ती २०२३ पर्यंत होती. म्हणजे त्या पैशाला १३ नाही, २७ वर्षं दोन माणसं सांभाळायची होती, हा हिशोब आमच्या घरात कुणी केलाच नव्हता. पीएफची विधवा पेन्शन २०१४ ला कमीत कमी हजार झाली आणि शेवटपर्यंत हजारच राहिली. शेवटच्या आजारपणात ते शाबूत अडीच लाख पंधरा दिवसात संपले. मुद्दल पोरांसाठी जपायचं म्हणून आईनं वर्षानुवर्षं मन मारलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

"एफडीला धोका शून्य." बँकेत ठेवीचा विमा आहे, पण एका बँकेत एका माणसाला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच, २०२० पासून. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. आपल्याकडं एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी ओळखीच्या पतसंस्थेत टाकणारे लई आहेत, त्यांनी हे दोनदा वाचा. त्यापेक्षा पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना बघा. सध्या ८.२ टक्के दर आहे, मर्यादा ३० लाख, तेवढे ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० येतात आणि दर पाच वर्षांसाठी बांधलेला राहतो.

मेडिक्लेम बंद करा हा सल्ला तर मला घातकीच वाटतो. एकदा बंद केला आणि परत घ्यायला गेलात की शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत पुन्हा थांबायला लावू शकतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. सत्तरीनंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं ते जरूर काढा, पण ते पॉलिसीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

फंडाचं म्हणाल तर सगळे पैसे तिकडं टाका असं मी म्हणत नाही. पण जे पैसे दहा-बारा वर्षं लागणार नाहीत, समजा ५० मधले १० लाख, ते साध्या इंडेक्स फंडात (म्हणजे निफ्टी-सेन्सेक्समधल्या सगळ्या कंपन्यांच्या शेअरात पैसे वाटून ठेवणारा फंड) ठेवले तर महागाईच्या पुढं जायची आशा तरी राहते. मधे खाली येईल, तेव्हा खर्चाला दुसरीकडचे पैसे हवेत, म्हणूनच सगळे नाहीत.

घर आत्ताच नावावर करू नका, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या, म्हणजे पुढं सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं.

मी आता ५९ चा, बायको ५४ ची. आमचं कोष्टक मी तिच्या नव्वदीपर्यंत मांडलंय, ३६ वर्षांचं, आणि वही तिच्याच ताब्यात दिलीय.