काळवंडलेले काका

आमच्या फोंड्याच्या घराचे न्हाणीघर रात्री नऊनंतर माझी डार्करूम होते, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रिंटकडे पाहून आई एकच प्रश्न विचारते, "हा फोटो अमावास्येला काढलास काय रे?" मंगेशीच्या सात मजली पांढऱ्या दीपमाळेसमोर भर दुपारी उभे केलेले काका माझ्या प्रिंटमध्ये कोळशाच्या वखारीसमोर उभे असल्यासारखे दिसत, हे मलाही नाकारता येत नसे.

पहिला संशय मे महिन्यावर गेला. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारे रसायन, २० अंशांवर असावा असा दंडक, आणि आमच्या नळाचे पाणीच ३१ अंशांचे! त्यामुळे सावकाश उमटायचे ते काका धावत येत, आणि आणखी काळे पडतील या भीतीने त्यांना घाईने उपसले, तर गोवर उठल्यासारखे करड्या डागांनी भरून निघत. शेवटी मासळीवालीकडून बर्फ आणून ट्रे त्यावर ठेवला. तापमान उतरले, पण न्हाणीघराला बांगड्यांचा वास लागला.

मग एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्राचा, वेळ १६ सेकंदांवरून १२ वर आणला; उजेड कमी, तर काळेपणाही कमी. कागदाची पट्टी कापून चाचणी घ्यावी, हे शहाणपण मला सुचत नाही; मी थेट अख्खा कागद घालतो. या खेपेला ओल्या प्रिंटमध्ये धोतराची निरी न निरी मोजता येत होती. दिवाणखान्यात टांगली आणि काका पुन्हा काळे! खरा चोर निघाला न्हाणीघरातला १०० वॅटचा दिवा. त्याच्याखाली गडद प्रिंटही उजळ भासते; दिवाणखान्यात मात्र शिंपल्यांच्या तावदानांतून गाळून आलेला उजेड. त्यातून फायबरचा, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला, फोटोचा कागद वाळला की आणखी थोडा काळवंडतो, तो वेगळाच.

कागद संपला होता, म्हणून १८८३ साली हॉवर्ड फार्मरने सांगितलेला उतारा काढला : पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो (फोटो पक्का करणारे रसायन) यांचे, काळी प्रिंट फिकी करणारे पिवळे पाणी. कापसाचा बोळा काकांच्या चेहऱ्यावर फिरवला. काही होईना, म्हणून पुन्हा फिरवला. हे पाणी धुवून टाकेपर्यंत आपले काम चालूच ठेवते, याची आठवण झाली तेव्हा गाल छान उजळले होते आणि अर्धी मिशी नाहीशी झाली होती. प्रमाणबद्धतेसाठी उरलेलीही काढावी लागली.

नवा कागद आल्यावर ८ सेकंदांची निर्दोष प्रिंट केली. काकूने दोन्ही शेजारी धरून पाहिल्या आणि मिशी नसलेलीच उचलली. "लग्नात हे असेच दिसत होते," ती म्हणाली. निर्दोष प्रिंट माझ्या खणात आहे.