मीम ढापायचं कसं?

मीम पेज काढताय? अभिनंदन. विनोद सुचत नाही म्हणून अडून बसू नका. ज्यांना सुचतो त्यांचे फॉलोअर सव्वाशे असतात.

मीम आलं कुठून, हे कधीही विचारू नका. ती जुन्यांची खोड. २००५च्या सुमारास फोर-चॅन या फोटो टाकायच्या साइटवरची निनावी मंडळी दर शनिवारी मांजरांचे फोटो टाकायची, २००७ मध्ये त्या मांजरांची वेगळी साइटच निघाली. २००९चा स्लेंडर मॅन, म्हणजे तो बिनचेहऱ्याचा भुताळी माणूस, समथिंग ऑफुल या फोरमवर जन्मला. पुढे रेडिट, टम्बलर, व्हाइन आणि टिकटॉक. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स आले, आणि माल तोच राहिला. पत्ता बदलत गेला तसं मूळ शोधणं अवघड होत गेलं. तुमच्या पथ्यावरच!

स्क्रीनशॉटचाही स्क्रीनशॉट काढा. धुरकट मीम अस्सल वाटतं.

आता मुख्य काम, वॉटरमार्क. आधीच्याचा क्रॉप करायचा, आपला ठोकायचा. क्रॉप जमलं नाही तर वर हसरा इमोजी चिकटवायचा. गेल्या आठवड्यात मी आमच्या बबडीचा जांभई देतानाचा फोटो टाकला. मागे तुळशीची तडा गेलेली कुंडी आणि वर ओळ: 'टँकर आला का रे?' घाईत 'टॅंकर' झालं होतं. चौथ्या दिवशी तेच मीम मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलं. त्यावर तीन पेजेसची नावं, एक आडवं बबडीच्या तोंडावरून! शुद्धलेखनाची चूक शाबूत, कुंडीचा तडा शाबूत, गायब फक्त मी. मी म्हटलं, मामा, हे माझं आहे. मामा म्हणाला, 'अगं, यावर नाव दुसऱ्याचं आहे.' वर एक हसरा इमोजी. पेजला मेसेज केला, तर उत्तर आलं: 'इंटरनेटवरचं सगळ्यांचं असतं, ताई.' सगळ्यांचं असतं, तर तुझं नाव कशाला रे त्याच्यावर?

कोणी क्रेडिट मागितलं तर ब्लॉक करा.

फोर-चॅनवर काय वाट्टेल ते चालायचं, घाणही भरपूर. पण तिथे बनवणारा सही करत नसे. तुम्ही न बनवता सही करता! काबोसू नावाच्या जपानी कुत्रीचा फोटो तिच्या मालकिणीने २०१० मध्ये स्वतःच्या ब्लॉगवर टाकला होता, जगभर 'डोज' नावाचं मीम झाला, तरी ती बाई कोण हे लोकांना माहीत आहे. तुम्हाला एक ओळ लिहायला काय होतं? लाज नाही वाटत?

ती कुंडी आमच्या गॅलरीतली आहे. नाव टाकायचंच असेल तर 'बबडी' टाका. आणि तिच्या तोंडावर टाकू नका.