‘एसीत बसून लिहिलंय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लडाखमधल्या झारखंडी-बिहारी मजुरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘ही माणसं सहा महिने हाल काढतात आणि जीव घेऊन पळतात. ती तिथे रुजतात वगैरे पुण्यात एसीत बसून लिहिणं सोपं आहे. मेट लोक (मजुरांच्या टोळ्यांचे मुकादम) त्यांची एटीएम कार्डं काढून घेतात, त्यावर एक ओळ नाही.’

आधी एसीचं बघू. माझे वडील ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी दलात, ओव्हरसियर होते. लडाखमधल्या रस्त्यांचा त्यांचा हिमांक प्रकल्प १९८५ साली सुरू झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत दिघीच्या केंद्रातून त्यांची तिकडे नेमणूक झाली. रजेवर घरी यायचे तेव्हा बोटांची कातडी फाटलेली असायची. पुढे मीही एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लेहजवळच्या खारदुंग ला खिंडीच्या बाजूला बरेच हंगाम काढले. डांबराची रिकामी पिंपं उभी कापायची, ठोकून सपाट करायची आणि त्या पत्र्यांच्या खोपटात झारखंडमधल्या दुमक्याची माणसं राहायची. सकाळी पत्र्याला आतून बर्फाचा थर असायचा, माणसांच्या श्वासाचा. त्या उंचीवर कुकरशिवाय डाळ शिजत नाही, म्हणून गावाहून निघताना कपड्यांच्या आधी कुकर बांधलेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंत, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

आता ‘पळतात’. रस्त्यावरचे बहुतेक मजूर थंडीच्या तोंडावर गावी जातात, हे मान्य. पण पळालेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात त्याच खिंडीत पुन्हा फावडं घेऊन उभा राहील का? २०२० च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या मजुरांना मे महिन्यात विमानाने रांचीला आणलं. आणि जूनमध्ये त्याच लडाखच्या कामासाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सुटली, हजाराच्या वर माणसं घेऊन.

लेह शहरात बाराही महिने राहणारे तर वेगळेच. न्हावी, शिंपी, गवंडी. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या आसपास जातो, नळ गोठतात, टँकर आला की बादल्या घेऊन धावायचं, आणि तरी दुकान उघडं. मी ज्याच्याकडे केस कापायचो तो बिहारचा न्हावी गिऱ्हाइकांशी सरळ लडाखीत बोलतो. त्याची मुलगी तिथल्याच शाळेत आहे. याला रुजणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? तरी २०२५ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरीसाठी तिथलं रहिवासी ठरायला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि मोजणी ३१ ऑक्टोबर २०१९ पासून. त्याआधीची त्याची सगळी वर्षं वजा. लडाखी लोकांना जमिनीची, नोकऱ्यांची धास्ती वाटते, ती मला समजते. त्यांची लोकसंख्या आहेच किती! पण तुमच्यासारखे सुशिक्षित लोकही या माणसांना चार दिवसांचे पाहुणे ठरवतात, तेव्हा त्यांच्या खोलीचा, रेशनचा, पोरांच्या शाळेचा प्रश्न कोणाचाच राहत नाही. याची मला चीड येते.

एटीएम कार्डांच्या तक्रारी झाल्या, ते खरं आहे. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, एवढंच.

कार्डांबद्दल तुमच्याकडे ठोस माहिती असेल तर सविस्तर लिहा, मी इथे जशीच्या तशी देईन. माझ्या एसीबद्दलची प्रतिक्रिया मात्र यापुढे प्रसिद्ध होणार नाही.