‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ : हा समज चुकीचा आहे

‘उन्हाळ्यात कोणत्याही गाडीत 20डब्ल्यू-50 हे जाड इंजिन ऑइल टाका, इंजिन जास्त टिकेल’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो पाळू नका.

आधी ऑइलच्या ग्रेडमधल्या आकड्यांचा अर्थ. 5डब्ल्यू-30 मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, वजन नव्हे. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, दुसरा 100 अंश सेल्सिअसला असलेल्या दाटपणाचा. बाहेर ऊन कितीही असो, थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान साधारण एका पातळीवर राखतो; म्हणून नुसत्या उन्हाळ्यासाठी ग्रेड बदलायची गरज सहसा पडत नाही. आणि तापल्यावर ऑइल घट्ट होतं, हेही खरं नाही. प्रत्येक ऑइल तापल्यावर पातळच होतं, मल्टिग्रेड, म्हणजे 5डब्ल्यू-30 सारखं दोन आकड्यांचं ऑइल, फक्त कमी पातळ होतं.

खरा धोका गाडी सुरू होतानाचा. गार इंजिनमध्ये जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज त्याच क्षणांत जास्त होते. शिवाय 0डब्ल्यू-20 साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगची (झडपा कधी उघडायच्या-मिटायच्या हे ठरवणारी) यंत्रणा, सगळं त्याच दाटपणाला धरून आखलेलं असतं. तिथे 20डब्ल्यू-50 टाकलं तर मायलेज घटतं, टायमिंगची यंत्रणा मंदावू शकते.

जुन्या, ऑइल पिणाऱ्या इंजिनाला एक पायरी जाड ऑइल कधीकधी उपयोगी पडतं, हे मान्य. पण मॅन्युअलमध्ये त्या ग्रेडला परवानगी असेल तरच. ग्रेडइतकंच एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थांचं ऑइलच्या दर्जाचं मानकही तिथेच पाहा. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत चुकीच्या मानकाचं ऑइल फिल्टर चोंदवतं.