काडीचं हाफ तिकीट

सोमवारपासून डोक्यात भुंगा चालू आहे म्हणून लिहून टाकतो. काळी-पिवळी जीपवाल्यानं माझ्या पूल खेळायच्या स्टिकचं हाफ तिकीट घेतलं (पूल म्हणजे तो टेबलावर बॉल भोकात टाकायचा खेळ). पंचवीस रुपये. पैशाचं काही नाही (आहे, पण ते सोडा), ज्या गाडीत बोकड फुकट आला त्या गाडीत माझ्या स्टिकला भाडं पडलं, हे काही पचत नाही राव.

झालं असं की अमरावतीला पूलची एक छोटीशी स्पर्धा होती, पाचशे रुपये एंट्री, अन् मी पहिल्याच राऊंडमध्ये बाहेर. अकरावीतल्या एका पोट्ट्यानं हरवलं, तेही तिथलीच भिंतीला टेकवलेली, फेविक्विकनं टोकाची टिप चिकटवलेली स्टिक घेऊन. असो. मोर्शीपर्यंत बस भेटली, पुढे गावापर्यंत काळी-पिवळी. चौदा माणसं, दोन कॅरेट संत्री, एक बोकड.

माझी स्टिक पाऊण जोडाची आहे. म्हणजे मधोमध नाही उघडत, मागच्या पाव हिश्श्यावर उघडते, त्यामुळे पुढचा तुकडाच साडेतीन फुटाचा अन् केस त्याहून लांब. ड्रायव्हर म्हणे टपावर टाका.

"टपावर नाही जमत भाऊ. उन्हानं वाकते ते."

"मंग तिचं हाफ लागन. दोन मानसाइच्या मधात बसली ना ते."

"अन् बोकडाचं?"

"तो मांडीवर हाय."

याच्यावर काय बोलणार? दिले.

मागच्या सीटा समोरासमोर, त्यामुळे बोकडाचा मालक बरोबर माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. सत्तरीचा बुढा, डोक्याला दुपट्टा, मांडीवर बोकड, अन् बोकडाच्या तोंडात माझ्या केसचा पट्टा. मी पट्टा ओढला, बोकडानं ओढला, मी ओढला. तेव्हा बुढ्याचं लक्ष गेलं.

"काय हाय रे बाबू याच्यात?"

"स्टिक हाय बाबाजी."

"बंदूक नाही न?"

"नाही."

"शिंभोऱ्याच्या धरनावर मासोया पकडाले जाऊन रायला काय?"

"नाही हो. खेळाची काडी हाय."

काडी हा शब्द मीच वापरला. ही चूक माझी. पुढे वीस मिनिटं अख्खी गाडी तिला काडीच म्हणत होती.

"कसा खेय?"

आता चालत्या जीपमध्ये, एका मांडीला गिअरबॉक्सची गरमी लागत असताना, पूल कसा समजावणार? मी म्हटलं टेबल असते, त्याच्यावर पंधरा गोळे ठेवाचे, काडीनं पांढऱ्या गोळ्याले ढकलाचं, अन् पांढऱ्यानं बाकीच्याइले भोकात टाकाचं.

"मंग?"

"मंग झालं. सगळे गेले का खेळ संपला."

"मंग त्या भोकातल्याचं काय करतेत?"

"काढतो. परत टेबलावर लावतो."

"अन् पुन्हा भोकात?"

"हो."

बुढ्यानं बोकडाकडे पाहिलं. बोकडानं माझ्याकडे.

"रोजी काय भेटते?"

"रोजी नाही भेटत बाबाजी. उलटे आपल्यालेच द्या लागते. तासाचे शंभर."

"रोजगार हमीवर तीनशे बारा रुपये रोज हाय बाबू," बुढा एकदम समजुतीनं बोलला, जसं काही माझ्या घरच्यांना हे कोणी सांगितलंच नसेल. "तिथं बी भोकंच हायेत. पन पैसे सरकार देते."

गाडी हसली. ड्रायव्हर तर आरशात पाहून हसला, ज्यानं रस्त्याकडे पाहायला पाहिजे होतं. माझी चिडचिड झाली, अन् चिडलं की मी जनरल नॉलेज काढतो, हा माझा जुना रोग. म्हटलं, बाबाजी, याला हलक्यात घेऊ नका, याचाच भाऊबंद जो स्नूकर, तो कुठं निघाला माहीत आहे का? इंग्लंडात नाही. जबलपूरले. १८७५ मध्ये, इंग्रज फौजेच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्यानं काढला (नंतर पंतप्रधान झाला तो वेगळा). आपल्या नागपूरहून सरळ रस्ता आहे.

"जबलपूर? तिथं माया साडू होता. रेल्वेत."

बस, एवढंच. दीडशे वर्षांचा इतिहास साडूवर संपला. मी विल्सन जोन्स काढला. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा विश्वविजेता झाला, एकट्याच्या खेळात जगज्जेता होणारा पहिला भारतीय.

"त्याले वावर किती होतं?"

माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. जोन्सबद्दल असा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

"लाकूड कोनतं हाय?"

"ॲश."

शेजारी कॉलेजची एक पोरगी भरतीचं पुस्तक वाचत बसली होती, तिनं पानावरून नजर न काढता सांगितलं, "आजोबा, ॲश म्हणजे राख."

"राखेची काडी?"

"राख नाही हो, झाडाचं नाव हाय ते. इकडे नाही होत."

"मंग सागाची काऊन नाही बनवत? अयोध्येच्या रामाच्या देवयाले आपल्या चांद्याचा साग चालला, अन् तुया गोये ढकलाले नाही चालत?"

याला खरंच उत्तर आहे. ॲशला लांब सरळ धारी असते, थोडी लवते अन् लगेच जागेवर येते, धक्का हातापर्यंत बरोबर पोचवते. पण रामाच्या देवळाचा दाखला आल्यावर चौदा माणसांत ॲशची बाजू कोण घेईल? मी गप्प बसलो. मग तो प्रश्न आला जो आपल्याकडे येतोच, ट्रॅक्टर असो का चप्पल असो.

"केवढ्याची?"

"दोन हजाराची," मी म्हटलं.

खोटं. सात हजार आठशेची. २०१२ ची दिवाळी झाल्यावर नागपूरला सीताबर्डीवर घेतली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ३,९०० होता, म्हणजे बरोब्बर दोन क्विंटल कापूस, हिशोबाला मास्तर लागत नाही. बाबांना सांगितलं होतं फवारणीचा पंप आणतो. संध्याकाळी केस घेऊन अंगणात आलो तर त्यांनी खाटेवरूनच विचारलं, "पंपाची नयी हाय काय?" मी हो म्हटलं. त्यांनी पंप कुठं आहे हे विचारलं नाही, त्या दिवशी नाही अन् आजपर्यंत नाही. त्या वर्षीची फवारणी त्यांनी शेजाऱ्याचा पंप मागून केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण काय स्टिक होती ती! त्याआधी पाच वर्षं मी पूल पार्लरच्या स्टिकनं खेळलो, तिथं सगळे मिळून सात स्टिका, त्यातली एक मुसळासारखी, एक तुराटीसारखी, अन् चांगली म्हणावी अशी एकच, तिच्यासाठी पोट्टे शाळा सोडून अकरा वाजता येऊन बसायचे. तिची टिपसुद्धा घासून घासून बाहेर पसरलेली, कुत्र्याच्या छत्रीसारखी. अन् ही? सत्तावन्न इंच, पाचशे दहा ग्रॅम, पितळेचा आटा असा फिरायचा की शेवटच्या फेऱ्याला फक्त एक बारीक 'चुक्' आवाज. पुढच्या लाकडावर भाल्याच्या टोकासारख्या रेषा, एकात एक घुसलेल्या. पहिलाच शॉट मारला तर 'ठप्प'च्या जागी 'टक्' आला, अन् पांढरा बॉल दुसऱ्याला लागून थांबला, क्षणभर विचार केल्यासारखं केलं, अन् हळूच मागे माझ्याकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा बॉल मी बोलावला म्हणून आला होता. जो भोकात टाकायचा होता तो बॉल गेलाच नाही, ती वेगळी गोष्ट.

तशीच स्टिक आता सोळा हजाराला म्हणतात. २०२५-२६ चा हमीभाव ८,११०. म्हणजे पुन्हा दोनच क्विंटल, घ्या! कापसात मोजली तर स्टिक तेरा वर्षांत महागलीच नाही. फक्त ते दोन क्विंटल पिकवायला काय लागतं ते कोणी विचारू नका, अन् पिकवून गाडी खरेदी केंद्रावर नेली की ते कापसात यंत्र खुपसतात अन् ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून गाडी परत. भाडं दोन्हीकडचं आपलंच. माझ्या टिनाच्या खोलीत ते यंत्र असतं तर निदान लाकडाचं तरी वेळेवर कळलं असतं. सांगतो ते पण.

"दाखव बरं," बुढा म्हणाला.

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण दोन हजाराच्या वस्तूला कोणी नाही म्हणत नाही, खोटं बोललं की असं अंगलट येतं. केस उघडली. त्यानं आधी बोकड पोरीच्या मांडीवर दिला. मग दुपट्ट्याच्या टोकाला हात पुसले, दोन्ही, नीट, बोटांच्या मधातले पण. आमच्या पार्लरमध्ये समोसा खाऊन टेबलाला हात लावणारे लोक आहेत हो, अन् या माणसानं हात पुसले! पुढचा तुकडा उचलला, जाड बाजू डोळ्याला लावली, एक डोळा मिटला अन् जीपच्या मागच्या उजेडाकडे धरून पाहिलं, जशी पोळ्याच्या आधी तुतारीची (बैल हाकायची) काठी निवडताना पाहतात. चतकोर फिरवलं. पाहिलं. अजून चतकोर. गाडीत कोणी बोलेना. बोकड पण नाही.

"वाकडी हाय."

"काय?"

"सूतभर बाक हाय. टोकाकून इतभर माघं."

"नाही बाबाजी, ते उजेडानं तसं दिसते."

"साठ वर्सं झाले काठ्या पाहून रायलो लेका. उजेड सरयच असते."

मग ती काडी गाडीभर फिरली. चौदाच्या चौदा जणांनी एक डोळा मिटून पाहिलं. संत्रीवाला म्हणे वाकडी आहे. भरतीवाली पोरगी म्हणे, थोडीशी. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "किती वाकडी?" अन् बुढ्यानं करंगळीच्या नखावर माप दाखवलं. मला आधी टपाची गोष्ट आठवली, मग ड्रायव्हरलाही आठवली.

"अन् टपावर वाकन म्हने!"

मी पंचवीस रुपये परत मागायच्या मूडमध्ये होतो, तो गेला.

मला माहीत होतं, हेच तर दुखणं आहे. गेल्या उन्हाळ्यापासून लांबचे शॉट डावीकडे जात होते. मी टेबलाचं कापड बदलायला लावलं, टिपेला लावायचा चॉक बदलला, वरच्या ट्यूबलाईटला दोष दिला, चष्म्याचा नंबर काढून आलो. स्टिक वाकडी आहे का ते पाहायला टेबलावर लोळवायची असते, दोन सेकंदाचं काम, हे मी नवीन पोट्ट्यांना शिकवतो. स्वतःची नाही लोळवली. टिनाच्या खोलीत, मे महिन्यात, पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत, भिंतीला तिरपी टेकवून ठेवली होती, अन् असं कधी ठेवायचं नाही हे पण मीच शिकवतो.

उतरताना बुढ्यानं इलाज सांगितला. जवसाचं तेल पाज तिले, कपड्यानं, थोडं थोडं, अन् आढ्याले उभी टांग, खाली वजन बांध. पोयापावतर सरय होते. पोळ्याला नऊ महिने आहेत. अन् चीड याची येते की जवसाचं बरोबर निघालं. ॲशच्या स्टिकला जगभरचे खेळाडू तेच तेल लावतात, कच्चं जवसाचं. मी इतकी वर्षं फर्निचरचं पॉलिश मारत होतो.

संध्याकाळी पार्लरला गेलो, वाटलं कोणी तरी हळहळेल. कोणी नाही. सगळे आपापली पहिली स्टिक काढून बसले. कृषी केंद्रवाल्यानं सुताराकडून सागाची करून घेतली होती, इतकी जड की ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारल्यावर दोन बॉल रस्त्यावर गेले अन् तिसऱ्या दिवसापासून ती गोठ्याच्या दाराची अडसर आहे. मास्तरांनी पहिली चांगली स्टिक लग्नाच्या आहेराच्या पैशातून घेतली, बायकोला आजही वाटतं ती शाळेची आहे. मोबाईलवाल्याची बसमध्ये राहिली. तो त्या बसचा नंबर अजून सांगतो. मी म्हटलं माझी वाकडी झाली रे, तर मास्तर म्हणाले, "कोणाची नाही झाली?" अन् पुढचा डाव लावला.

जवसाचं तेल आणलं. अर्धी बाटली आईनं चटणीसाठी काढून घेतली, उरलेली स्टिकनं पिली. गोठ्याच्या आढ्याला टांगली आहे, खाली दोन किलोचं वजन बांधलं. बाबा बैलाला पाणी पाजायला आले होते, वर पाहिलं, खाली वजनाकडे पाहिलं, म्हणाले, "पंप दुरुस्त होऊन रायला काय?"

काल जाऊन पाहतो तर आईनं तिच्यावर ओला दुपट्टा वाळत घातला होता.