ताई ची, बंड्या आणि तालीम

काल रात्री कट्ट्यावर परत तेच. बंड्याने चीनमधल्या चेंगडूच्या त्या फाइटचा व्हिडिओ लावला, 2017 ची, मिक्स्ड मार्शल आर्ट्स लढणारा शू श्याओडोंग विरुद्ध ताई ची या चिनी युद्धकलेचा मास्टर वेई लेई, आणि वर म्हणतो कसा, "खरा मास्टर असता तर असं झालंच नसतं." ताई चीच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून हा चहाचा ग्लाससुद्धा श्वास सोडत उचलतो.

"अरे पण वीसेक सेकंदांत आडवा झाला ना तो," सुन्या.

"त्या वेळी त्याची ची, म्हणजे आतली ऊर्जा, वाहत नव्हती."

"मग वाहायला लागेपर्यंत शू थांबणार होता का चहा पीत?"

बंड्याने मग असाच हरलेला दुसरा ताई ची मास्टर, मा बाओगुओ, याचं काढलं, म्हणे वय झालं होतं बिचाऱ्याचं. हो, 2020 ला 69 वर्षांचा होता, अर्ध्या मिनिटात तीनदा खाली, मान्य. पण समोरचापण पन्नाशीचाच होता की! आणि रिंगणात उतरायला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

प्रद्याचं म्हणणं वेगळं, आणि मला ते पटतं. तो म्हणाला ताई चीला कशाला शिव्या घालता, हेनानमधल्या चेनजियागोउ गावात ही विद्या मारामारीसाठीच होती, तिथला पाओ चुई हा जोरकस फॉर्म बघा, उड्या, पाय आपटणं, कोपर, सगळं आहे त्यात. यांग लूछान तिथेच शिकला आणि बीजिंगला जाऊन शिकवायला लागला. पुढे 1956 मध्ये सरकारने लोकांच्या तब्येतीसाठी 24 हालचालींचा सोपा फॉर्म काढला, आज बागेत दिसतो तो बहुतेक हाच. तो करून गुडघे आणि तोल चांगला राहतो, पण त्यावर रिंगणात उतरायचं?

"शिबिरात तुला कुणी पाडलं का कधी?" सुन्याने बंड्याला विचारलं.

"आम्ही समोरच्याची ऊर्जा ओळखतो."

"म्हणजे नाही. मग पडायचं नाही हे शिकलास कुठून? आमच्या तालमीत पहिले काही महिने मी फक्त माती खाल्ली. वस्तादांनी बोट लावलं म्हणून कुणी उडून पडलं असतं तर त्यांनीच कानाखाली काढली असती, म्हणाले असते नूरा कुस्ती करतो काय."

खरं दुखणं हेच आहे! गुरूने हात लावला की शिष्य भिंतीवर जाऊन आदळतात असे व्हिडिओ बघितले की मला मनापासून चीड येते, कारण फसतो तो शिष्य, आणि बऱ्याचदा गुरूपण. तुईशोउ म्हणजे एकमेकांचे हात धरून तोल काढायचा सराव, तो जोर लावून केला तर त्यातून फेकी निघतात, आणि चेनजियागोउच्या शाळांमध्ये त्याच्या जोडीला सांडा, म्हणजे चिनी किकबॉक्सिंगपण शिकवतात. पण समोरचा खरोखर विरोध करतच नसेल तर तो नुसता नाच.

प्रद्याने मकाऊची 1954 ची लढत काढली, ताई चीचा वू गोंगयी आणि सफेद बगळा या कुंग फू शैलीचा चान हाक-फू, हाँगकाँगमधल्या शेक किप मेईच्या आगीतल्या लोकांसाठी मदत गोळा करायला ठेवलेली. दोघंही नावाजलेले, आणि फिल्म बघाल तर नुसते हात भिरकावतायत, दुसऱ्या राउंडला थांबवली, निकाल काही नाही. पण खरा ठोसा खायला दोघं उभे राहिले, माझ्या लेखी ते मोठंच आहे.

"शूचं काय झालं ते पण सांगा," बंड्या. "बदनामी केली म्हणून कोर्टाने ताई ची मास्टर चेन श्याओवांगची माफी मागायला लावली त्याला!"

"लावली की. पण कोर्टाने ठोसा परत घ्यायला नाही लावला," सुन्या.

"तुम्हाला अंतर्गत शक्ती कळणारच नाही."

"गणपतीच्या मिरवणुकीत राडा झाला तेव्हा तुझी अंतर्गत शक्ती रिक्षात बसून घरी गेली होती."

इथे प्रद्याच्या नाकातून चहा आला. बंड्या उठला, पाय फाकवून उभा राहिला, "ये, ढकल मला." सुन्या उठला तर म्हणतो, थांब, मोबाइल ठेवू दे, मग चष्मा, मग म्हणे इथे उतार आहे. शेवटी सुन्या म्हणाला रविवारी सकाळी सहाला तालमीत ये, तिथे सपाट आहे.

"रविवारी बायकोला माहेरी सोडायचंय."

"मी येऊ का?" प्रद्या.

"ये की. लंगोट आण, आणि मागच्या वर्षीचे माझे दोनशे पण आण."