सर्वांचं स्वागत आहे, विंडोज सोडून या

ओपन सोर्सवाल्यांच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघून सुधारू शकतो अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मेळाव्याच्या पोस्टरवर 'नवशिक्यांचं मनापासून स्वागत' असं लिहिलं होतं, म्हणून रविवारचा मेगाब्लॉक अंगावर घेऊन, दादरच्या पुलावर चेंगरून मी डोंबिवलीहून अंधेरीला गेले. एका ओपन सोर्स ॲपच्या मराठी भाषांतरात एक वेलांटी चुकलीय, ती दुरुस्त करायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

रिपो क्लोन करायला, म्हणजे ॲपच्या सगळ्या फाइल्स माझ्या लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या तर एरर, इनव्हॅलिड पाथ. कोणीतरी एका फाइलचं नाव ऑक्स डॉट पाय ठेवलेलं, आणि ऑक्स, कॉन, पीआरएन ही नावं विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून राखीव, विंडोजमध्ये फाइलला देता येत नाहीत. हा विंडोजचा येडेपणाच आहे, मान्य. मी हात वर केला.

आला एक जण. त्याच्या लॅपटॉपवर इतके स्टिकर की खाली धातू आहे की पुठ्ठा ते कळू नये.

"काय झालं ताई?" त्याने स्क्रीन बघितली आणि चक्क एक पाऊल मागे गेला. "अच्छा. विंडोज."

"हो."

"मनापासून वापरता की नाइलाज म्हणून?"

मुंबईत भाड्याने घर बघायला गेलं की 'मासे खाता का हो' असं विचारतात ना, डिट्टो तो सूर. मी म्हटलं, ऑफिसचा आहे. त्याचा चेहरा जरा निवळला.

"मग घरी?"

"घरीपण विंडोजच. बाबांच्या दुकानाचं टॅली चालतं त्यावर."

"अरेरे. म्हणजे सुरुवातच विंडोजवर झाली?"

"शाळेत तेच होतं."

"हं. तुमचा दोष नाही, ताई." एवढ्या सहानुभूतीने आमच्या फॅमिली डॉक्टरांनीपण कधी विचारपूस केलेली नाही. शेजारच्या मुलाने हळूच आपला लॅपटॉप अर्धा मिटला, त्याचंही विंडोजच असणार.

"ड्युअल बूट करून टाका ना, विंडोजसोबत लिनक्सपण. फुकट, खुली सिस्टिम."

"अहो ॲडमिन पासवर्ड आयटीवाल्यांकडे. पेनड्राइव्ह लावला तरी त्यांचा फोन येतो."

"मग डब्ल्यूएसएल? विंडोजच्या आतच लिनक्स."

"तेपण ॲडमिन मागतं."

"मग नोकरी बदला," तो म्हणाला. आणि हसत नव्हता.

एवढ्यात त्याच्या लॅपटॉपवरचा पेंग्विन, म्हणजे लिनक्सचं चिन्ह, एका कोपऱ्यात सुटलेला दिसला, आणि खालून डोकावलं सफरचंद. मी विचारलं, हे लिनक्स का? "नाही, मॅक. पण युनिक्सच आहे ना ते आतून, लिनक्स ज्याच्यावर बेतलंय ते." वा रे वा. आतून! माझ्या विंडोजला मात्र आत-बाहेर काही नाही.

मला कळतं, जुना राग आहे. विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे सीईओ बाल्मर, त्यांनी २००१ साली लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. पण तेव्हा मी शाळेत होते हो, मला कोणी विचारलं नव्हतं. आणि हे सगळे ज्या गिटहबवर, कोड ठेवायच्या त्या साइटवर, बसून विंडोजला शिव्या घालतात ते २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला कोणी घेतलं? त्याच कंपनीने. तिथे कोणी एक पाऊल मागे जात नाही.

शेवटी शेजारच्या मुलाने ती ऑक्सवाली फाइल वगळून बाकीचं उतरवून दिलं, मी वेलांटी नीट केली, पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझी दुरुस्ती घ्या' असा अर्ज, टाकली. आणि बघते तर अख्खी फाइल लाल-हिरवी! एका वेलांटीसाठी सगळ्या ओळी बदललेल्या. तर गोष्ट अशी की टेलिप्रिंटरला ओळ बदलायला दोन हुकूम लागायचे, एक मुंडी डावीकडे न्यायचा, दुसरा कागद वर सरकवायचा. विंडोज अजून दोन्ही लिहितं, युनिक्सवाले फक्त दुसरा, म्हणून माझ्याकडे प्रत्येक ओळीचा शेवट बदलला. टेलिप्रिंटर भंगारात गेला, भांडण आमच्या गळ्यात. प्रोजेक्टमध्ये गिटॲट्रिब्यूट्स नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली असती तर हा प्रश्नच आला नसता, पण ती ओळ टाकायला आधी विंडोजवाला माणूस येणार असं वाटायला हवं ना. खाली कमेंट आली, 'विंडोज युजर्सनी आधी आपला एडिटर सुधारावा'. वेलांटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मराठी माणसंच होती बरं का त्यात.

ॲपमध्ये ती अजून चुकीचीच आहे. पुल रिक्वेस्टवर काल बॉट आला, हालचाल नाही म्हणून बंद करू का विचारायला. त्याने तरी घरी काय वापरता ते विचारलं नाही.